दर हिसक्याला दुप्पट

नवनिर्मितीला प्रतिभा लागते, हा समज ज्यांनी पसरवला त्यांनी स्वतः कधी काही निर्माण केलेले नसावे. नवनिर्मितीला लागते ती कार्यपद्धती! टप्पे ठरवा, प्रत्येक टप्प्याला मोजमाप लावा आणि मध्ये कोणताही माणूस बसवा. गिरणीत दाणे टाकल्यावर पीठच पडते. गिरणीवाला कवी असावा लागत नाही. मी पदार्थविज्ञानाचा पदवीधर असून कुलपांच्या कारखान्यात नवकल्पना विभागाचा प्रमुख आहे. म्हणजे होतो. पण ते पुढे येईलच.

आमच्या फोरमनचे मत नेमके उलट. "पद्धतबिद्धत गुंडाळून ठेवा, साहेब! माणसं मोकळी सोडा. कल्पना आपोआप सुचतात." त्याने गेल्या वर्षी माणसे मोकळी सोडली होती. त्यांतून एक कुलूप निघाले, ते शेजारच्या कपाटाच्या किल्लीनेही उघडत असे.

या वादाला कंटाळून मालकीणबाईंनी निर्वाणीचे सांगितले, "सोमवारी दोघं या. ज्याचं म्हणणं पटेल, त्याच्याकडे विभाग. दुसऱ्याने पॅकिंगमध्ये जाऊन खोकी चिकटवायची."

मला खोक्यांची भीती नव्हती, कारण माझ्याकडे कुलूप होते. चोर दार उघडताना काय करतो? हिसका देतो. माझे कुलूप हिसका ओळखते आणि अर्धा मिनिट किल्लीलाही दाद देत नाही. पुन्हा हिसका बसला तर थांबण्याची वेळ दुप्पट, आणि मोजणी पहिल्यापासून! तांबडा दिवा म्हणजे थांबा, हिरवा म्हणजे किल्ली फिरवा. यांत्रिक हाताने आम्ही ते हजारो वेळा उघडले होते. एकदाही अडले नव्हते.

सोमवारी मी ते बैठकीच्या खोलीच्या दारालाच बसवले. आत मालकीणबाई, फोरमन आणि मी. दार लावले, किल्ली फिरवली आणि विजयी मुद्रेने म्हणालो, "आता हे दार आपल्याशिवाय कोणीही उघडू शकणार नाही!"

"असं?" म्हणत फोरमनने हँडल ओढले.

तांबडा दिवा लागला.

"हात का लावलात?"

"लागलंय का ते बघितलं."

"लागलंय असं मी आत्ताच सांगितलं ना!"

"म्हणून तर बघितलं!"

मी शांतपणे अर्धा मिनिट मोजू लागलो. तेवढ्यात बाहेरून हँडल खडखडले. आमच्या सौभाग्यवती! त्या याच कारखान्यात भांडार सांभाळतात.

"अहो, आत आहात का? दार का लावलंय?"

"हँडलला हात लावू नकोस!"

"कुठल्या? या?" खडखड!

"हो, त्याच! दर हिसक्याला वेळ दुप्पट होतो!"

"मग आधी नाही का सांगायचं? मला काय स्वप्न पडलं होतं?"

ती बिचारी बाजूला झाली. पण माझा आवाज एव्हाना जिन्यापर्यंत पोहोचला होता. मालकीणबाई अडकल्या, ही बातमी वणव्यासारखी पसरली. हिशेबनीस धावत आले. पत्नीने त्यांना सगळे समजावले. त्यांनी मान डोलावली, "अरे वा, हुशार कुलूप आहे," म्हणाले आणि हँडल ओढून पाहिले. मग पहारेकरी आला. "सरका, सगळ्यांना जमत नाही," म्हणत त्याने तर खांदाच लावला. कोणी अफवा उठवली की आत मालकीणबाईंना भोवळ आली आहे. त्यावर ड्रायव्हरने मायेपोटी लागोपाठ तीन हिसके दिले!

दुपटीचे गणित निर्दय असते. अर्ध्या मिनिटाचा आता तास उलटून गेला होता.

"दुसरी किल्ली?" मालकीणबाईंनी विचारले.

"तिलाही ते दाद देणार नाही."

"काही पळवाट?"

"बाई, पळवाट ठेवली तर ती चोराचीही वाट होते," मी अभिमानाने म्हणालो. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, तीत मला खोकी स्पष्ट दिसली.

"खिडकी?"

"तिला आपल्याच कारखान्याची जाळी आहे."

"ती तरी मजबूत आहे का?"

"अत्यंत!" मी आणि फोरमन एकमुखाने म्हणालो. आमचे त्या दिवशीचे हे एकमेव एकमत.

बाहेर मात्र गोंधळ हळूहळू शमला. पत्नीने भांडारातले पुठ्ठे आणून दारासमोर आडवे रचले आणि स्वतः स्टूल टाकून बसली. "ज्याला हँडल ओढायचंय त्याने आधी माझा हात ओढावा," असे तिने जाहीर केले. कोणाची छाती झाली नाही. मला तिचा अभिमान वाटला. माणूस हाच कुलपाचा एकमेव दोष होता आणि तो आता दूर झाला होता!

तास सरला. अखेर तांबडा दिवा विझला. हिरवा लागायला क्षणभर उशीर होता. आता तुम्हीच सांगा, दिवा विझला म्हणजे कुलूप सुटले, की बल्ब गेला? शास्त्र शिकलेला माणूस अनुमानावर विसंबत नाही. तो पडताळा घेतो.

मी हँडल ओढले.

तांबडा दिवा लागला.

मग फोरमन असा हसला, असा हसला, की हसता हसता आधारासाठी त्याने दाराचे हँडलच धरले!

"बसा!" मालकीणबाई गरजल्या. "दोघंही बसा! एकमेकांचे हात धरा आणि मी सांगेपर्यंत सोडू नका!"

पुढचा बराच काळ मी आणि फोरमन, वधूवरांसारखे, हातात हात घेऊन बसलो. त्याचा तळवा घामेजला होता. मध्येच तो पुटपुटला, "साहेब, माणसं मोकळी सोडायची नसतात, हे पटलं बरं का." कार्यपद्धतीबद्दल मलाही काही काही पटू लागले होते.

हिरवा दिवा लागला. मालकीणबाईंनी स्वतः किल्ली फिरवली, दार उघडले, स्टुलावरच्या माझ्या पत्नीकडे पाहिले आणि म्हणाल्या, "बाई, उद्यापासून नवकल्पना विभाग तुम्ही बघा. यांची पद्धत ठेवा. फक्त तिला एक टप्पा जोडा. प्रत्येक कुलूप बाहेर जाण्याआधी या दोघांच्या हाती द्यायचं."

"काय करायला?" मी विचारले.

"काही नाही. नुसतं द्यायचं. बाकी तुम्ही कराल."

तेव्हा माझे पद आता 'परीक्षण-माणूस' असे आहे. खोकी टळली. आणि फुशारकी म्हणून नव्हे, केवळ नोंद म्हणून सांगतो: गेल्या महिन्यात फोरमनने चार कुलपे निकामी केली आणि मी नऊ. आकडे माझ्या बाजूने आहेत!