डक्टमधली बाई

"संक्रांतीच्या आत त्या नमिता मॅडमशी इंग्रजीत गप्पा मारून दाखवते की नाही बघा! नाही मारल्या तर नावाची उज्वला नाही!"

अशी घोषणा करून उज्वलाने नवी मुंबईत कामोठ्याच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये इंग्रजीचं पुस्तक उघडलं. लातूर सोडून इथे आल्याला दीड वर्ष झालं, तरी विंगमध्ये तिची ओळख 'दुसऱ्या मजल्याचे भाडेकरू' एवढीच! गेल्या संक्रांतीला हळदीकुंकवाचं बोलावणं घरोघरी गेलं, हिचं दार तेवढं वगळलं. ते तिच्या फार मनाला लागलं होतं. यंदा काहीही करून बोलावणं यायलाच हवं होतं.

पुस्तकातला धडा तर जणू तिच्यासाठीच होता. 'फिट इन' म्हणजे मिसळून जाणं, 'शट आउट' म्हणजे बाहेर ठेवणं, 'लेट इन' म्हणजे आत घेणं. अट एकच, मोठ्याने म्हणा, भावना ओतून म्हणा! आता हॉलमध्ये म्हणावं तर सासूबाई, राहीबाई, विचारणार, "कुनाला शिव्या देतीस गं?" म्हणून त्या झोपल्या की उज्वला बाथरूममध्ये शिरायची.

"लेट मी इन! डोन्ट शट मी आउट!"

एका दुपारी ती अशीच भावना ओतत होती. तेवढ्यात खिडकीपलीकडच्या अंधारातून एक बारीक, थंड आवाज आला.

"व्हॉट डू यू वॉन्ट?"

उज्वलाच्या हातातलं पुस्तक बादलीत पडलं. नळ बंद होता, तरी कुठेतरी पाणी टपकत होतं.

"क... कोण आहे?"

बाहेर कबुतरं एकदम फडफडून उडाली. उज्वलाने बाथरूमचं दार आपटलं आणि अनवाणीच जिना उतरली.

गेटजवळच्या बाकावर चौथ्या मजल्याच्या नमिता मॅडम आणि सोसायटीच्या सेक्रेटरीची बायको अरुणा बसल्या होत्या.

"आमच्या बाथरूममध्ये बाई बोलली!" उज्वला धापा टाकत म्हणाली.

दोघी ताडकन उठल्या. "तुमच्याकडे पण?"

"पण म्हणजे?"

"अहो, कधीचं चाललंय! बाथरूमच्या खिडक्यांमागे पाइपांची उभी पोकळी आहे ना, त्या डक्टमधून येतो आवाज. रडवेला, घोगरा! मला आत घ्या म्हणते," अरुणा म्हणाली. "आमच्या ह्यांनी तर भीतीने दाढी करणं सोडलंय!"

"आणि बोलते इंग्रजीत!" नमिता कुजबुजली. "ॲक्सेंट असला भयानक, जिवंत माणसाचा नाहीच तो!"

उज्वला बाकावरच बसली. पण अरुणाने तिला हाताला धरून आपल्या घरी नेलं, चहा दिला आणि नाव विचारलं. दीड वर्षात पहिल्यांदा! भीती होतीच, पण आतून गुदगुल्या होत होत्या.

"अतृप्त सवाष्ण असणार," अरुणाने निकाल दिला. "तिची ओटी भरू, म्हणजे शांत होईल. पण भरणार कोण? मला बीपी आहे."

"माझा कॉल आहे," नमिता घाईने म्हणाली.

"मी भरते की!" उज्वला बोलून बसली.

तिन्हीसांजेला तिघी बिल्डिंगमागे डक्टच्या तळाशी उभ्या राहिल्या. कुबट वास, ओल्या भिंती, वर आभाळाचा एवढासा तुकडा. उज्वलाने खण-नारळ पुढे केला. "बाई गं, आमचं काही चुकलं असेल तर..."

वरून हाक आली. घुमत घुमत, एकेक मजला खाली उतरत.

"उज्वलाऽऽऽ!"

अरुणा नमिताच्या गळ्यातच पडली. "अगं बाई! तिला हिचं नाव माहितीये!"

"उज्वलाऽऽ! इंग्रजी झालं नाही व्हय अजून? दुपारपास्नं न्हाणीत बसलीस! दार उघड, च्या टाक!"

राहीबाई! दुपारी आपटून अडकलेल्या बाथरूमच्या दारावर थापा मारत होत्या.



"म्हणजे ते लेट मी इन..." नमिताने वरच्या खिडकीकडे बोट केलं.

"धडा होता," उज्वला रडवेली झाली. "खिडकी कुठे उघडते ते ठाऊकच नव्हतं. गावाकडे न्हाणीमागे नुसती केळ असायची."

गेलं आता हळदीकुंकू! अरुणाने तिच्या हातातला नारळ काढून घेतला आणि उज्वलाची मान खाली गेली. पण अरुणाने तोच नारळ तिच्या ओढणीत घातला, वर कुंकू लावलं.

"आत घ्या म्हणत होतीस ना? मग ये की आत!"

तिघी हसून हसून लोटपोट झाल्या. डोळे पुसत उज्वला म्हणाली, "पण मॅडम, 'व्हॉट डू यू वॉन्ट' विचारून तुम्ही मला कसलं घाबरवलंत!"

नमिताचं हसू थांबलं. "मी? मी तर तेव्हा बाकावर होते."

"मी पण," अरुणा म्हणाली. "आणि बाकीचे फ्लॅट दुपारी बंदच असतात."

संक्रांतीचं बोलावणं उज्वलाला सगळ्यांत आधी आलं. आता रोज दुपारी तिच्याच हॉलमध्ये तिघींचा इंग्रजीचा क्लास भरतो. बाथरूमला बाहेरून कडी असते. तिघी एका सुरात म्हणतात, "वी फिट इन!" आणि जरा उशिराने आतून एक बारीक, थंड आवाज तेच म्हणतो. डक्टमध्ये आवाज घुमतो, दुसरं काही नाही, असं नमिता मॅडम सांगतात. खरंच असेल. पण हल्ली त्या स्वतः बाथरूमच्या दाराकडे पाठ करून बसत नाहीत.

राहीबाई तेवढ्या निवांत असतात. स्वयंपाकघरातून हाक मारतात, "उज्वला, च्या टाकलाय! आतलीला इचार, साखर किती?"