वेदीतून निघालेला पाइप

"संध्याकाळच्या जपमाळेपर्यंत घर असं तापवतो, की बायका स्वेटर काढून बसतील!" बेल्मिरोनं सकाळीच सासूबाईंना छातीठोक सांगून टाकलं.

अमेरिकेतल्या फॉल रिव्हर गावच्या पोर्तुगीज वस्तीतल्या त्या तिमजली लाकडी घराला जावयाची छाती नि तिचं ठोकणं, दोन्ही पाठ होतं. पण या खेपेला प्रकरण नाजूक! इतक्या वर्षांनी चर्चच्या चिठ्ठीत सासूबाईंचं, इडालिनाबाईंचं, नाव निघालं होतं. पवित्र आत्म्याचा चांदीचा मुकुट आठवडाभर त्यांच्याकडे, दुसऱ्या मजल्यावर, मुक्कामाला आला होता. रोज संध्याकाळी शेजारपाजार जपमाळेला येणार, आणि वसंत म्हणायचा तो नुसता नावाला. थंडी हाडांत शिरत होती. त्यात या पठ्ठ्यानं घर तापवणाऱ्या जुन्या बॉयलरची तेलाची टाकी आधीच भंगारात देऊन टाकलेली!

गॅसचा नवा बॉयलर तळघरात येऊन बसला होता. गॅसवाला म्हणाला, "गॅसचा धूर थंड नि ओलसर. या अवाढव्य जुन्या धुराड्यात तो वर चढायचा नाही, विटा मात्र ओल धरतील. आतून स्टीलचा लवचीक पाइप सोडायला हवा. आमची माणसं सोमवारी..."

"सोमवारी? अहो, वरून सोडायचा, खालून धरायचा! त्यात काय एवढं? तुम्ही दुपारी या नि जोडून द्या."

मेव्हणा टिबेरियो पाइप घेऊन छपरावर चढला. बेल्मिरो तळघरात धुराड्याच्या तोंडाशी फोन कानाला लावून बसला.

"दाजी, अडकलाय!"

"अरे, जोर लाव! जेवला नाहीस का?"

टिबेरियोनं जोर लावला. पाइप सरसर आत जाऊ लागला.

"आला का?"

"नाही. सोड अजून!"

"अहो दाजी, संपत आला की! जातोय तरी कुठं?"

उत्तर दुसऱ्या मजल्यावरून आलं. किंकाळीच!

पूर्वी त्या घरात मजल्यामजल्यावर कोळशाची शेगडी होती. शेगड्या गेल्या, धुराड्याला पडलेली भोकं पत्र्याचं झाकण ठोकून बुजवली आणि वर छान फुलांचा कागद चिकटवला. इडालिनाबाईंनी मुकुटासाठी वेदी मांडली ती नेमकी त्याच भिंतीला! शेजारणी फुलं लावत होत्या, एवढ्यात झाकण उडालं आणि कागद फाडून पाइपानं तोंड बाहेर काढलं. तोंड काढून थांबावं की नाही? छे! टिबेरियो वरून ढकलतोय, पाइप येतोच आहे! पांढऱ्याशुभ्र लेसवर काजळीचा सडा पडला.

एक शेजारीण तर गुडघ्यांवरच बसली. "चमत्कार! चमत्कार!"

"चमत्कार कसला मेला! जावई आहे माझा!" मुकुट छातीशी कवटाळून इडालिनाबाई ओरडल्या.

दुपारी गॅसवाला आला. त्यानं वेदीकडे पाहिलं, पाइपाकडे पाहिलं, टोपी काढली. "पाइप तळघरात उतरायला हवा होता," एवढंच म्हणाला. "सोमवारी येतो."

बेल्मिरोला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. सासूबाईंचा एवढा मोठा मान, आणि पाहुणे कुडकुडत बसणार, तेही त्याच्यामुळे!

पण बातमी तोवर गावभर झाली होती. जपमाळेला जन्मात न फिरकलेली माणसंही पाइप बघायला आली. खोली भरली, जिना भरला, मुंगीला शिरायला जागा उरली नाही. बायकांनी स्वेटर काढले. शेवटी खिडक्या उघडाव्या लागल्या!

काजळीनं काळ्याठिक्कर तोंडाचा बेल्मिरो कोपऱ्यात अंग चोरून उभा होता. पदर नसल्यामुळे ॲप्रननंच घाम टिपत सासूबाई त्याच्यापाशी आल्या.

"शब्द पाळलास हो, जावईबापू. घर तापलं! मुकुटाचा आठवडा अजून सरायचाय. उद्या कुठली भिंत फोडतोस?"