तीन लिटरची खोली

माशांच्या खोलीत शिरण्याआधी देगलूरकर दारावर टकटक करायचे. संचालकांच्या खोलीत मात्र थेट घुसायचे.

तारनाक्याजवळच्या आमच्या प्रयोगशाळेत बोटाच्या पेराएवढे पट्टेरी झेब्रामासे पाळतात. त्यांची अंडी मिळाली तर आमचे प्रयोग चालतात. म्हणजे पुण्याहून पीएच.डी. घेऊन मी इथे आले ती माशांच्या मर्जीवर नोकरी करायला, आणि मर्जी सांभाळणार देगलूरकर. माझ्या सेंटला त्यांची बंदी होती, मोठ्यानं हसण्यालाही. "हौ, लाजतेत ते," असं मला ऐकवायचे, "परेशान नका करू मॅडम."

गेल्या वर्षी संचालक दहा दिवस परदेशात राहून आले आणि त्यांना माशांची दया आली. तीन लिटरच्या डब्यात जोडी ठेवणं त्यांना क्रूर वाटू लागलं. माझं टेबल बोळात होतं, त्याबद्दल त्यांना काही वाटलं नाही. चाळीस लिटरच्या टाक्या आल्या, नारळ फुटला, भाषण झालं, आणि एकेका टाकीत एकेक जोडी सोडली. देगलूरकरांना कुणी विचारलं नव्हतं, तरी ते म्हणालेच, "एवढ्या पाण्यात ते भेटणार कधी?"

झेब्रामासे सकाळी दिवे लागले की अंडी घालतात. तीन आठवडे दिवे नेमानं लागले. नर या कोपऱ्यात, मादी त्या कोपऱ्यात, अंडी जवळजवळ नाहीतच. संचालकांनी पाणी बदललं, खाद्य बदललं आणि शेवटी देगलूरकरांना मेमो दिला. मासे अंडी घालत नाहीत म्हणून माणसाला मेमो मिळालेला मी पहिल्यांदाच पाहिला. देगलूरकरांनी तो घडी करून खिशात घातला, अडगळीतून जुने डबे काढले आणि संध्याकाळी जोड्या त्यात हलवल्या. सकाळी डब्यांचे तळ अंड्यांनी भरले होते. संचालकांनी आपल्या या यशाचा अहवाल लगेच दिल्लीला पाठवला.

देगलूरकर तेव्हा रजेवर होते. मेमो मागे घेतल्याचं पत्र द्यायला मी जामबागला त्यांच्या घरी गेले. ते भाकरी थापत होते. ओट्याला लागूनच लोखंडी पलंग होता आणि त्यावर त्यांची पत्नी. अर्धांगानं अंथरुणाला खिळलेली, बोलणंही गेलेलं. ऑफिसात याबद्दल ते कधी चकार शब्द बोलले नव्हते.

बाहेरची हवेशीर खोली रिकामी दिसत होती. काकूंना तिकडे बरं नाही का वाटणार, असं मी पुणेरी शहाणपणानं विचारलं.

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली.

"तिथून तिला मी दिसत नाही, मॅडम."

मग पत्र न उघडताच बाजूला ठेवून ते पलंगापाशी गेले आणि भाकरीचा घास फुंकून निववू लागले.