गाडी चालवण्यास अपात्र

मी मेंदूचा डॉक्टर. मी पेशंटना घाबरत नाही, त्यांच्यापायी लिहाव्या लागणाऱ्या कागदांना घाबरतो! म्हणून दवाखान्यात नवं एआय आणलं. ते टेबलावर बसून आमचं बोलणं ऐकतं आणि अहवाल आपणच लिहून काढतं. काउंटर सांभाळणाऱ्या बायकोला मी ऐटीत सांगितलं, की आजपासून माझं पेन सुटीवर!

त्या संध्याकाळी एकच पेशंट उरल्या होत्या, निवृत्त मुख्याध्यापिका. सत्तरी उलटली म्हणून मुलाने त्यांच्या गाडीची किल्ली काढून घेतली होती आणि तो ती घेऊन बाहेर बसला होता. बाई ठणठणीत आहेत असा माझा दाखला मिळाला, तरच ती परत मिळणार होती.

मी नेहमीप्रमाणे तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले. पण बाईंना सवय प्रश्न विचारायची! त्यांनी शब्द घडाघडा म्हटले आणि वर मला म्हणाल्या, "आता तुम्ही सांगा." मला दोन आठवले, तिसरा काही केल्या येईना. मग गुडघ्यावर मारायची हातोडी सापडेना. कुठे ठेवली होती, म्हणून बाईंनी दरडावलं. ती माझ्याच खिशात निघाली. शेवटी सरळ रेषेत पावलाला पाऊल लावून कसं चालायचं ते दाखवायला गेलो आणि स्टुलासकट आडवा झालो!

"असा नेहमी तोल जातो का?" बाईंनी काळजीने विचारलं.

आता यंत्राला डोळे कुठले? दरडावून विचारतो तो डॉक्टर, चाचरत धडपडतो तो पेशंट, असं त्याने सरळ धरलं. बाहेर छापून आलेला अहवाल बायकोने मोठ्याने वाचला. विसरभोळेपणा, वस्तू हरवणे, तोल जाणे. पेशंट गाडी चालवण्यास अपात्र!

"अगं, त्याने आम्हा दोघांची अदलाबदल केलीय," मी कळवळून म्हणालो.

"केली असेल. पण यातलं चुकीचं काय आहे ते सांग," ती म्हणाली आणि माझ्या गाडीची किल्ली तिने पर्समध्ये टाकली.

बाईंचा दाखला मी मुकाट्याने हाताने लिहून दिला. मुलाने किल्ली परत केली. बायकोला गाडी येत नाही, तेव्हा आम्हाला घरी सोडायची जबाबदारी बाईंनीच घेतली. पुढे त्या दोघींच्या गप्पा रंगल्या. मागे मी आणि त्यांचा मुलगा हाताची घडी घालून बसलो होतो.

बाई गाडी झकास चालवतात. दाखला अगदी योग्य दिला होता, एवढं श्रेय तरी मला द्या!