रेषा म्हणजे रेषा

नकाशाच्या बाबतीत माझा हात धरणारा माणूस आमच्या पाटबंधारे कचेरीत नाही. हे मी म्हणत नाही, आमचे जुने साहेब म्हणाले होते. एकदाच म्हणाले, तेही स्वतःच्या निरोप समारंभात, पण म्हणाले! एकवीस वर्षं मी नद्या, टेकड्या आणि कालवे कागदावर काढतोय. कुठली टेकडी कुठून चढावी, हे मी खुर्चीत बसून सांगू शकतो. उठलो की मात्र सांगता येत नाही, पण तो भाग पुढे येईलच.

आमची कन्या सोळा वर्षांची. तिला ग्रॅव्हल सायकलचं वेड आहे. ग्रॅव्हल सायकल म्हणजे जाड टायरची सायकल. समोर चांगला डांबरी रस्ता असताना तो सोडून खडीतून, चिखलातून आणि जंगलातून जाता यावं म्हणून लोक ती जास्त पैसे देऊन घेतात. त्यांचं एक मंडळ आहे. अध्यक्ष निवृत्त दंतवैद्य. समोरच्याला ‘आ करा’ म्हणून गप्प बसवण्यात जन्म गेल्यामुळे त्यांना दुसऱ्याचं ऐकून घ्यायची सवय राहिलेली नाही.

मंडळाचा नियम एकच. सायकलच्या हँडलवर डबीएवढं एक यंत्र असतं, त्याच्या पडद्यावर मार्गाची रेषा दिसते. ती सोडायची नाही. गेल्या वर्षी दोघांनी जवळची वाट काढली आणि संध्याकाळी ते तिसऱ्याच खोऱ्यात सापडले. तेव्हापासून रेषा म्हणजे रेषा. सोडली की मंडळातून नाव कट.

तर यंदाच्या सहलीचा मार्ग कोण आखणार, अशी चर्चा चालली असताना आमची कन्या उठून म्हणाली, “माझे बाबा आखतील. हे खोरं त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही.”

तिने हे घरी येऊन सांगितलं तेव्हा माझा ऊर भरून आला. या वयात मुलं बापाला घराबाहेर ओळखही दाखवत नाहीत, आणि ही भर सभेत माझं नाव घेते! एका रात्रीत मी अडतीस किलोमीटरचा मार्ग आखला. जंगलातून चढ, खिंडीतून पलीकडे, मग नदीकाठाने परत.

अट एवढीच होती, की आखणाऱ्याने मार्ग आधी स्वतः चालवून यंत्रात नोंदवायचा. ती नोंद हीच मग सगळ्यांची रेषा.

“त्यात काय!” मी म्हणालो.

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, “नकाशातली टेकडी तुम्ही बोटाने चढता. बोटाला दम लागत नाही.”

गुरुवारी रजा टाकली, शेजाऱ्यांची सायकल मागून आणली, तिला कन्येचं यंत्र लावलं आणि निघालो. तिसऱ्या किलोमीटरला पहिला चढ लागला. नकाशात तो मी स्वतःच्या हाताने ‘सौम्य’ म्हणून रंगवला होता. अर्ध्यावर डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि मी एका झाडाखाली आडवा झालो.

तेवढ्यात मागून फटफटी आली. आमच्याच गल्लीतले गुरांचे डॉक्टर.

“कुठे लागलं?” त्यांनी विचारलं.

“कुठे नाही. सायकल चालवतोय.”

“आडवे पडून?”

डॉक्टर दर गुरुवारी या खोऱ्यात फेरीला जातात. मी रस्ता विचारला. जंगलातून वर, खिंडीतून पलीकडे, नदीकाठाने परत. म्हणजे तंतोतंत माझाच मार्ग. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. मी यंत्र त्यांच्या खिशात घातलं, म्हटलं, एवढं बरोबर फिरवून आणा, आणि झोपलो.

चार तासांनी डॉक्टर परत आले. “जरा उशीर झाला. एक म्हैस अडली होती,” एवढंच म्हणाले. मी ओढ्यावर डोकं ओलं केलं, घाम वाटावा इतपत, आणि घरी गेलो.

कन्येने यंत्र मोबाइलला जोडलं. “बाबा, चढावर ताशी बत्तीस?”

“वारा मागून होता.”

“जंगलात?”

“जंगलातही वारा असतो.”

तिने आकडा परत एकदा बघितला, मग मला बघितलं आणि म्हणाली, “भारी.”

खरं सांगायची तीच वेळ होती, मला कळत होतं. पण ते ‘भारी’ मी पाच-सहा वर्षांनी ऐकत होतो. ते परत करायला माझं मन होईना. रेषेला मध्येमध्ये गाठी पडलेल्या दिसत होत्या. घाटातली वळणं असतील, असं म्हणून एकवीस वर्षांच्या अनुभवी नकाशाकाराने मोबाइल बाजूला ठेवला.

रविवारी चौदा जण जमले. अध्यक्ष म्हणाले, “ताशी बत्तीसवाले पुढे.”

मी पुढे. चढ आला तसा मी खाली उतरलो आणि म्हणालो, “इथे थांबून निसर्ग बघायचा असतो.” त्या एका चढावर आम्ही सात वेळा निसर्ग बघितला. आठव्या वेळी अध्यक्षांच्या कपाळाला आठ्या पडल्या. माझं बिंग आता फुटतंय, असं वाटत असतानाच रेषेने मला वाचवलं. ती रस्ता सोडून एका फाटकातून आत वळली आणि थेट गोठ्यात शिरली.

अध्यक्षांनी पडदा बघितला, गोठा बघितला, मला बघितलं. “रेषा गोठ्यात जाते.”

“जाते खरी.”

“का?”

“ग्रामजीवन,” मी म्हणालो.

“रेषा म्हणजे रेषा,” अध्यक्ष म्हणाले, आणि चौदा जण सायकली उचलून शेणातून आत गेले. आत मालकीणबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

“डॉक्टर म्हणाले होते रविवारी एक माणूस पाठवतो. बरेच पाठवले की! धरा.”

त्यांनी अध्यक्षांच्या हातात एक शेळी दिली. वीस शेळ्यांना जंताचं औषध पाजायचं होतं. मला वाटलं, आता माझं नाव कायमचं कट. पण अध्यक्षांनी सवयीने शेळीचा जबडा धरला, म्हणाले, “आ कर,” आणि शेळीने केला. निवृत्तीनंतरचा हा त्यांचा पहिला पेशंट. वीसही शेळ्यांना त्यांनी स्वतः औषध पाजलं, वर दोघींच्या दाढा तपासल्या, आणि बाहेर पडताना माझ्या पाठीवर थाप मारली. मलाही पाऊण तास बसायला मिळालं होतं.

पुढच्या वस्तीवर रेषा एका गवताच्या गंजीभोवती तीन फेऱ्या मारत होती, त्याही बऱ्याच वेगात. डॉक्टरांनी असं का केलं असावं, या विचारात आम्ही पहिली फेरी सुरू केली आणि गंजीमागून कुत्रा निघाला. उरलेल्या दोन फेऱ्यांत आमचाही वेग चांगला होता.

मग खिंड ओलांडून आम्ही माळावर आलो, आणि रेषेला काय झालं कोण जाणे. पाच पावलं इकडे, सात पावलं तिकडे, मध्येच थांबा, परत मागे. “तोल सांभाळायचा सराव,” मी न विचारताच सांगितलं. चौदा जण माळभर हळूहळू, माना खाली घालून फिरले. मग एकाएकी रेषा दगडांच्या उतारावरून सरळ खाली सुटली, नदीत गेली आणि नदीच्या मध्यावर थांबली.

“इथे बेचाळीस मिनिटं दाखवतंय,” अध्यक्ष म्हणाले. “नदीत बेचाळीस मिनिटं काय करत होतात?”

“चिंतन.”

अध्यक्षांनी बूट काढले. सगळे सायकली खांद्यावर घेऊन कंबरभर पाण्यात उतरले. पाणी गार होतं, वर झाडांची सावली होती, आजूबाजूला चार-पाच म्हशी बसल्या होत्या. हळूहळू सगळ्यांचे चेहरे सैल झाले. अध्यक्ष डोळे मिटून म्हणाले, “असा मार्ग उभ्या आयुष्यात केला नाही. याला माणूसच वेगळा लागतो.”

टाळ्या वाजल्या. माझी लेकही वाजवत होती, सायकल खांद्यावर सांभाळत, एका हाताने पाण्यावर चपचप थापा मारत. ते मात्र मला बघवेना.

“मी हा मार्ग चालवलेलाच नाही,” मी म्हणालो. “पहिल्या चढावर झोपलो होतो. यंत्र गुरांच्या डॉक्टरांनी फटफटीवरून फिरवलं.”

टाळ्या थांबल्या. अध्यक्षांनी डोळे उघडले. “म्हणजे डॉक्टर फटफटीसकट बेचाळीस मिनिटं नदीत बसले होते?”

हे कोडं मलाही सुटत नव्हतं. तोच काठावर फटफटीचा आवाज आला. नव्या रेडकाला बघायला डॉक्टर निघाले होते.

“अहो, तुम्ही सगळे पाण्यात कशाला उतरलात?” त्यांनी ओरडून विचारलं. आम्ही यंत्र दाखवलं. डॉक्टर ओशाळले. “त्याचं काय झालं, अडलेल्या म्हशीसाठी मला वाकून खांद्यापर्यंत हात घालायचा होता. खिशातून पडू नये म्हणून हे शेजारच्या म्हशीच्या गळ्यातल्या दोरीला अडकवलं. ती गेली चरायला. म्हटलं, येईल परत. आली की!”

चौदा जणांनी वळून म्हशींकडे बघितलं. त्यांतली एक रवंथ करत आमच्याकडेच बघत होती.

माझी लेकीकडे बघायची हिंमत होईना. तीच पाणी तुडवत जवळ आली आणि हळूच म्हणाली, “बाबा, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.”

“कसं काय?”

“ताशी बत्तीस? तू आपला जिना चढताना मधल्या मजल्यावर बसतोस.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले असते तर तू आज आला असतास का? बावीस किलोमीटर झालेत, बाबा. तू चालवलेले.” आणि मग तिने ते परत म्हटलं, “भारी.” या वेळी ते माझंच होतं. नदीच्या पाण्यात होतो म्हणून बरं, डोळ्यांचं कुणाला कळलं नाही.

अध्यक्षांनी तिथेच, कंबरभर पाण्यात, निकाल दिला. मार्ग गोठ्यासकट कायम. आखणाऱ्याचं नाव कट. वर्षभरात संपूर्ण मार्ग त्याच्या मूळ वेळेत चालवून दाखवला, तर परत घेऊ.

तेव्हापासून दर रविवारी लेक मला घेऊन निघते. आता चढावर मी दोनदाच निसर्ग बघतो. डॉक्टरांच्या फटफटीला गाठायचं मी मनावर घेतलेलं नाही, अध्यक्षांनीही तो टप्पा मला माफ केलाय. अडलंय ते माळावरून नदीत उतरणाऱ्या त्या दगडी उतारावर. तिथे सूट द्यायला अध्यक्ष तयार नाहीत. “समोर इंजिन असतं तर गोष्ट वेगळी,” म्हणतात. दर रविवारी मी जीव मुठीत धरून खाली येतो, लेक काठावर यंत्र बघत उभी असते, आणि दर रविवारी आकडा तोच निघतो. म्हैस अजून चाळीस सेकंद पुढे आहे.