फियाटच्या दारावरचा पंजा

मला आयुष्यात कुणी काही शिकवलं नाही, म्हणूनच मला सगळं येतं. शिवणयंत्र मी स्वतः उघडलं आणि स्वतः जोडलं. दोन स्क्रू उरले, पण ते जास्तीचेच असणार. पाण्याचा पंप मी दुरुस्त केला, फ्रिजच्या दाराचं रबर मी बदललं आणि समोरच्या इन्शिराहच्या भुवयाही मीच कोरल्या. एक जरा वर गेली, त्यामुळे तेव्हापासून ती कायम आश्चर्यचकित दिसते. पण शोभतं तिला.

तेव्हा आमची जुनी फियाट मी घरच्या गॅरेजमध्ये रंगवणार असं जाहीर केलं, ती फुशारकी नव्हती. ती नुसती बातमी होती.

ही फियाट माझ्या सासऱ्यांची, चौसष्ट सालची. माझा नवरा रिफअत जन्मला त्याच वर्षी घेतलेली. याच गाडीतून मी नवरी होऊन सुएझ कालव्याकाठच्या इस्माइलियात या घरी आले. सासरे गेले आणि गाडी गॅरेजमध्ये बसली ती बसलीच. इंजिन रिफअतनं जिवापाड जपलं, पण रंगाची पार रया गेली होती. सायीच्या रंगाची गाडी ती, उन्हानं तिला जागोजागी पोपडे आलेले. शहीराचं, आमच्या एकुलत्या एक मुलीचं, लग्न ठरलं तेव्हा रिफअत एवढंच म्हणाला, "बाबांच्या गाडीतून पाठवणी करायची. मी स्वतः चालवीन."

रंगाऱ्याकडे गेलो. तो म्हणाला, "दीड महिना." लग्न पुढच्या गुरुवारी. मग नवऱ्यामुलाच्या आईनं, मादाम अफकारनं, लांबलचक पांढरी भाड्याची गाडी ठरवली. एवढी लांब, की पुढचा दिवा आमच्या दाराशी आणि मागचा मशिदीशी. रिफअतनं मान डोलावली. दुसऱ्या दिवशी सुएझला टगबोटीवर नोकरीला जाताना त्यानं गॅरेजचं शटर वर केलं, फियाटच्या टपावरून एकदा हात फिरवला आणि म्हणाला, "जाऊ दे. शेवटी गाडीच ती." तळहाताला चिकटलेले रंगाचे पोपडे त्यानं झटकले नाहीत, खिशात घातले.

ते पोपडे मी पाहिले नसते, तर पुढचं काहीच घडलं नसतं. रिफअत परतणार होता गुरुवारी दुपारी. माझ्याकडे चार दिवस होते.

रविवारी रंगाच्या दुकानात गेले. दुकानदारानं सायीच्या रंगाचा मोठा डबा दिला, तपकिरी-लाल प्रायमरचा डबा दिला, थिनर दिलं आणि वर एक छोटी बाटली ठेवली. मग तो समजावून सांगू लागला. मला कुणी समजावून सांगायला लागलं की माझे कान आपोआप मिटतात. "मला माहीत आहे, दादा," मी म्हणाले. बाटली मला फुकटातली वाटली. घरी आणून लोणच्याच्या बरणीमागे ठेवून दिली.

कॉम्प्रेसर आणि रंगाची बंदूक आणली इन्शिराहकडून, कारण तिचा नवरा फ्रिज-कपाटं रंगवतो. द्यायला काही हरकत नव्हती तिची, पण बोलल्याशिवाय कशी देईल?

"बायका गाड्या रंगवायला लागल्या म्हणायच्या."

"भुवया जमल्या, गाडी काय अवघड आहे?"

"म्हणूनच विचारतेय," ती आपली वर गेलेली भुवई आणखी वर नेत म्हणाली. "काही बिघडलं की हाक मार हो, उम्म शहीरा. मी समोरच आहे. हसायला."

झालं. उम्म शहीराला, म्हणजे शहीराच्या आईला, म्हणजे मला, आता मागे फिरणं शक्य नव्हतं.

सोमवारी मी आणि शहीरानं मिळून गाडी घासली. मुलीनं लग्नाच्या आठवड्यात मेंदीची काळजी करायची असते. माझी मुलगी पॉलिश पेपरनं दार घासत होती आणि म्हणत होती, "आई, माझी नखं गेली." मी म्हणाले, "नखं परत येतात. चौसष्टची फियाट येत नाही." काचांवर वर्तमानपत्रं चिकटवली, खड्ड्यांत पुट्टी भरली, प्रायमर मारला. गाडी तपकिरी-लाल झाली, ओव्हनमधून नुकत्या काढलेल्या रताळ्यासारखी.

मंगळवारी खरा रंग. धूळ उडू नये म्हणून मी गॅरेजच्या जमिनीवर भरपूर पाणी ओतलं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, माझं मलाच सुचलं होतं. डोक्याला रुमाल, तोंडाला मास्क, डोळ्यांवर शहीराचा पोहण्याचा चष्मा. आणि काय सांगू तुम्हाला, डावी बाजू अशी उतरली, अशी उतरली, की गाडीवर कुणी साय ओतून हलक्या हातानं पसरली असावी! शहीरा रडायलाच लागली. मी म्हणाले, "लांब जाऊन रड, थेंब उडतील."

उजवी बाजूही झाली. फक्त दाराखाली एका ठिकाणी पत्रा उघडा दिसत होता. तिथे बोटानं जरासा प्रायमर लावावा म्हणून मी डब्यात हात घातला. जरासा घ्यायचा होता, तळवा भरून आला. उठायला गेले आणि स्वतःच ओतलेल्या पाण्यावर माझा पाय सटकला.

"आई, हलू नकोस," शहीरा ओरडली.

"मी हलत नाहीये, घसरतेय."

आधाराला हात गेला तो थेट ओल्या दारावर. हात काढला. सायीवर पाच बोटांचा, रेषान्‌रेष उमटलेला तपकिरी-लाल पंजा.

वासानं डोकं भणभणायला लागलं होतं म्हणून शटर अर्धं वर केलेलं होतं. त्याखालून वाकून कोण बघत होतं? इन्शिराह. ती हसायला आली होती. पण तिची नजर पंज्यावर गेली आणि तिचा चेहराच बदलला. दोन्ही भुवया प्रथमच एका ओळीत आल्या. मग तिनं तोंडाशी हात नेला आणि जीभ टाळ्यावर नाचवत अशी काही आनंदाची ललकारी ठोकली, की गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघडल्या.

"मुबारक, मुबारक! मेंढा कापलात तुम्ही? कधी? आवाजसुद्धा नाही आला."

आमच्याकडे नवी गाडी आली की मेंढा कापायचा, त्याच्या रक्तानं दारावर पंजा उठवायचा म्हणजे दृष्ट लागत नाही, आणि मटण शेजारीपाजारी वाटायचं. इन्शिराहला वाटलं, रंग नवा, म्हणजे गाडी नवी, म्हणजे मेंढा.

आता बघा, माझ्यासमोर दोन रस्ते होते. एक, सांगायचं की बाई, मी घसरले. दुसरा, मास्कच्या आडून "हं" म्हणायचं.

मी "हं" म्हणाले.

"आई!" शहीरा कुजबुजली.

"गप. ती गेली की मी खोडून काढते."

पण खोडायला सवडच मिळाली नाही. संध्याकाळच्या आत सात बायका येऊन गेल्या, प्रत्येकीच्या हातात माझंच एकेक भांडं. गेल्या कित्येक ईदांना मी कुणाकडे काय काय पाठवलेलं, त्या सगळ्या थाळ्या, वाडगे, झाकणाचा तो अॅल्युमिनियमचा डबा. "म्हटलं, कधीचं राहिलंय, परत करावं." आता आमच्या गल्लीत भांडं कधी रिकामं परत येत नाही. दोन खजूर तरी घालून देतात. आज सातही रिकामी. घासूनपुसून लख्ख. ओट्यावर ती भांडी माझ्याकडे तोंड वासून बघत बसली.

मग आला मुअल्लिम शलबी, उस्ताद शलबी म्हणा, आमचा खाटीक. माणूस एवढा मोठा, की शटर पूर्ण वर करावं लागलं. डोळ्यांत पाणी.

"बावीस वर्षं, सित्त नजवा. बावीस वर्षं तुमच्या घरातली कोंबडीसुद्धा माझ्या सुरीशिवाय गेली नाही. आणि पोरीच्या लग्नाचा मेंढा परक्या माणसाकडून?"

"तसं नाही, मुअल्लिम..."

पण तो पंज्याजवळ गेला होता. वाकून, मान तिरकी करून, जाणकाराच्या नजरेनं त्यानं तो पाहिला. चेहरा गंभीर झाला.

"कुणाकडून घेतलात?"

"का हो?"

"रक्ताचा हा रंग निरोगी जनावराचा नाही. असं तपकिरी? असं घट्ट? यकृत गेलं होतं त्याचं. लिहून देतो." आणि मग, आधीपेक्षाही दुःखी होऊन, "खाऊ नका बरं ते. वैर वेगळं आणि आरोग्य वेगळं."

माणूस भला, म्हणून त्यानं वाटेत भेटेल त्यालाही सावध केलं. अर्ध्या तासात मादाम अफकारचा फोन.

"सित्त नजवा, ऐकतेय ते खरं आहे का? लग्नाच्या जेवणात आजारी मेंढा?"

"अहो, मेंढा आजारी नव्हता." हे तर शब्दशः खरं होतं.

"आमच्याकडचे तीनशे पाहुणे आहेत. जेवण आम्हीच बघतो. आणि त्या जुन्या गाडीचंही राहू द्या. आमची गाडी ठरलेलीच आहे."

फोन ठेवला आणि मी गॅरेजमध्ये उलट्या बादलीवर बसले. ओट्यावर सात रिकामी भांडी आणि समोर एक पंजा. गाडीसाठी सगळं केलं आणि गाडीच गेली. रिफअतला काय सांगू? की तुझ्या बाबांच्या गाडीला मीच दृष्ट लावली?

तेवढ्यात वरून काठीचा आवाज. सासूबाई, हज्जा बहिया. वय ब्याऐंशी, जिना सहसा उतरत नाहीत. ललकारी त्यांनीही ऐकली होती. आज उतरल्या आणि हळूहळू गाडीच्या दाराशी गेल्या. पंज्याकडे बघत राहिल्या.

"याच दारावर," त्या म्हणाल्या, "ह्यांनी उठवला होता. रिफअत माझ्या मांडीवर होता, दहा दिवसांचा. महिनाभर धुऊ दिला नाही ह्यांनी."

त्यांनी आपला सुरकुतलेला हात पंज्यावर ठेवला. उचलला. तळव्याकडे पाहिलं. नाकाशी नेला.

शहीरानं डोळे मिटून घेतले.

"नजवा."

"हज्जा?"

"मेंढा काय थिनर पीत होता?"

मी सगळं सांगितलं. पाणी, घसरणं, "हं", भांडी, यकृत, फोन, सगळं. त्या ऐकत होत्या. मध्येच त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. पण पोट धरून हसत होत्या त्या, काठी गळून पडेपर्यंत.

"खुळी ती खुळीच राहिलीस," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "मेंढा कापलास म्हणालीस ना? मग आता काप. शलबीला बोलवा. आणि त्या अफकारलाही बोलवा, समोर उभी राहू दे. गाडीचं मग बघते मी."

बुधवारी सकाळी शलबी गल्लीतला सगळ्यात देखणा मेंढा घेऊन आला. शिंगांना लाल फीत. "पहिल्या मेंढ्याबद्दल विचारू नका," हज्जांनी त्याला दटावलं, "तो गाडला." शलबीनं हृदयावर हात ठेवला, त्याची अब्रू परत आली होती. सगळं रीतसर झालं. मादाम अफकार नाकाला रुमाल लावून आली होती. शलबीनं यकृत ताटात घालून तिच्यापुढे धरलं, एखादा दागिना दाखवावा तसं. "बघा. आरसा आहे, आरसा." तिनं पाहिलं आणि रुमाल खाली केला. सातही भांडी भरून गेली. इन्शिराहच्या थाळीत मी एक तुकडा जास्त घातला. का ते मला विचारू नका.

मग हज्जा मादाम अफकारला म्हणाल्या, "माझी सून या गाडीतून आली, आणि तीस वर्षं झाली, अजून पळून गेलेली नाही. नात याच गाडीतून जाईल. तुमची लांब गाडी पाहुण्यांना ठेवा, पुष्कळ माणसं मावतील." ब्याऐंशी वर्षांच्या बाईला नाही कोण म्हणणार? अफकार म्हणाली, "जशी तुमची मर्जी, हज्जा."

मी आनंदानं शहीराला मिठी मारली. आणि मिठी मारल्यामुळे माझी पाठ झाली गाडीकडे. वळून पाहते तो हज्जा हात रक्तात बुडवून फियाटच्या डाव्या बाजूला पोचलेल्या. माझ्या डाव्या बाजूला. सायीसारख्या, एकही ओरखडा नसलेल्या बाजूला.

"हज्जा, तिकडे नको," मी म्हणेपर्यंत फट्कन आवाज झाला होता.

"त्या बाजूला तुझा आहे," त्या म्हणाल्या. "या बाजूला खरा हवा."

गुरुवारी दुपारी रिफअत आला. शटर वर केलं आणि हातातली बॅग तशीच धरून उभा राहिला. गाडीभोवती एक फेरी मारली. मग आणखी एक. उजव्या दाराशी थांबला, डाव्या दाराशी थांबला. मी ओढणीचं टोक चावत होते.

"यातला रक्ताचा कोणता?" त्यानं विचारलं.

"धुशील तेव्हा जो जाईल तो."

त्यानं मान हलवली. खिशातून काहीतरी काढून कचऱ्याच्या बादलीत टाकलं. जुन्या रंगाचे पोपडे होते ते, इतके दिवस खिशात जपलेले. तीस वर्षं आम्ही असेच बोलतो.

संध्याकाळी त्यानं नवा काळा सूट घातला, शहीराला मागे बसवलं, डावीकडच्या स्टिअरिंगमागे बसून खिडकी खाली केली आणि सवयीप्रमाणे डावं कोपर दारावर टेकवून, भोंगा वाजवत वाजवत, सबंध इस्माइलियाला वळसा घालून हॉलवर पोचला. मागून ती लांब पांढरी गाडी, तिच्यात शलबी आणि इन्शिराह आणि सात भांड्यांच्या सात मालकिणी. कुणी फार मोठा माणूस गाडीतून उतरतोय अशा थाटात रिफअत उतरला, मुलीचा हात धरून आत गेला, तिच्याबरोबर नाचला. सगळ्या फोटोंत तो नाचतोय, आणि सगळ्या फोटोंत त्याच्या काळ्या बाहीला कोपरापासून खांद्यापर्यंत सायीच्या रंगाचा पट्टा आहे. शहीराच्या पांढऱ्या पोशाखाला मागून आहे, पण साय पांढऱ्यावर फारशी दिसत नाही.

दोन महिने होऊन गेले. गाडीवर अजून बोट टेकवलं की बोट उमटतं. रिफअतनं परवा ती घासून घासून धुतली. दोन्ही पंजे आहेत तिथेच, रंगात रुतून बसलेले. नुसतं बघून कुठला रक्ताचा आणि कुठला प्रायमरचा ते आता आम्हालाही ओळखता येत नाही.

आणि काल लोणचं काढताना बरणीमागे ती छोटी बाटली सापडली. चष्मा लावून वाचलं. 'रंग कडक होण्यासाठी. डब्यात मिसळल्याशिवाय रंग वाळणार नाही.'

बाटली मी परत होती तिथेच ठेवली आहे. तुम्हीही कुणाला सांगू नका. इन्शिराहच्या दिराची जुनी गाडी पुढच्या आठवड्यात माझ्याकडे रंगायला येतेय.