जावई पत्रकार

मुलगा पत्रकार आहे, हे वल्लरीने वडिलांना पाहुणे फाटकाशी आल्यावर सांगितलं. सदऱ्याची बटणं लावता लावता कृष्णकांत मध्येच थांबले.

"तू तर म्हणाली होतीस, नोकरीत आहे."

"वर्तमानपत्रातच नोकरी आहे, बाबा."

कृष्णकांत वर्ध्याच्या कोर्टात सरकारी वकील. मागच्याच आठवड्यात चहाच्या टपरीवर एका बातमीदाराने त्यांना मोटारसायकल चोरीच्या खटल्याबद्दल छेडलं. ते सहज म्हणाले, "साक्षीदारच आला नाही, तर मी काय करणार?" दुसऱ्या दिवशी फोटोसकट छापून आलं, 'सरकारी वकील हतबल'. वरिष्ठांनी बोलावून बजावलं, की पत्रकारांशी यापुढे एक शब्द बोलायचा नाही. पुन्हा नाव छापून आलं, तर थेट बदली.

आणि आता त्याच वर्तमानपत्रातला रत्नदीप आष्टीहून आई-वडिलांना घेऊन समोर सोफ्यावर बसला होता.

"तब्येत कशी आहे, काका?" त्याने अदबीने विचारलं.

"सेवाग्रामच्या दवाखान्यात तपासण्या केल्यात. रिपोर्ट येण्याआधी काही म्हणणं योग्य होणार नाही."

रत्नदीपचे वडील रूपराव शेतकरी माणूस. त्यांनी सोपा विषय काढला. "तुमच्या या सिंदी मेघेत पान्याचं कसं हाये, वकीलसाहेब? नळ रोज येते का?"

नळ म्हणजे शासनाची बाब. कृष्णकांतांनी रत्नदीपकडे चोरून पाहिलं. "त्याबद्दल संबंधित खातंच सांगू शकेल."

रूपरावांनी बायकोकडे पाहिलं. मनकर्णाबाई पोहे खात होत्या. शेवटी रूपरावांनी सरळच विचारलं, "आमचं पोरगं पसंत हाये का नाई तुमाले?"

"या टप्प्यावर मला मत देता येणार नाही."

वल्लरीचे डोळे भरून आले. ती उठून आत गेली. सुधाताईंनी चहाचं निमित्त करून नवऱ्याला स्वयंपाकघरात ओढलं.

"अहो, तो होणारा जावई आहे."

"पत्रकारही आहे ना."

"मग काय छापणार आहे? सासरे हसले म्हणून?"

"त्या दिवशी मी तरी काय बोललो होतो?" कृष्णकांत म्हणाले आणि बाल्कनीत जाऊन त्यांनी वरिष्ठांना फोन लावला.

"साहेब, घरात पत्रकार आलाय. मुलीला बघायला. बोलू का?"

"बोला हो," साहेब थकल्या आवाजात म्हणाले. "लग्नाबद्दल काय वाटेल ते बोला."

कृष्णकांतांच्या छातीवरचं ओझं उतरलं. मनात साठलेलं सगळं बोलायचं ठरवून ते बाहेर आले, तर मनकर्णाबाई वल्लरीला आतून बोलावून, शेजारी बसवून तिच्या हातावर साखर ठेवत होत्या.

"आमच्याकून पक्कं समजा," त्या सुधाताईंना सांगत होत्या. "मोठ्या सुनेचा बाप लय बोलते. लग्नात मांडवापासून पंगतीपावतर बोलूनच राह्यला होता. पोरीचा बाप वकील हाये म्हनल्यावर मी तं भ्यालीच होती. पन हे तं अगदी गरीब मानूस हायेत. असाच इवाई पायजे होता मले."

कृष्णकांतांनी घसा खाकरला. "आता मी जरा सविस्तर बोलतो. पहिला मुद्दा असा, की..."

"अहो," सुधाताई गोड हसून म्हणाल्या, "जरा पाणी आणता का?"

त्या हसण्याचा अर्थ कृष्णकांतांना लग्नाच्या इतक्या वर्षांनी नीट कळत होता. ते पाणी आणायला आत गेले. मागोमाग रत्नदीपही मदतीला आला.

"काका, पहिला मुद्दा काय होता?"

कृष्णकांतांनी दाराआडून बाहेर डोकावून पाहिलं. सुधाताईंचं लक्ष नव्हतं. ते रत्नदीपच्या कानाशी वाकले.

"फार आवडलास तू आम्हाला," ते कुजबुजले. "फक्त माझं नाव येऊ देऊ नकोस."